भिंतभर कपाटाला काय वापरावं: सरसकट ७१० प्लाय की एचडीएचएमआर? (पाथर्डी फाटा)

कपाटशोधक

नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेडरूममध्ये जमिनीपासून छतापर्यंत कपाट करायचं आहे. रुंदी ६ फूट, उंची ७ फूट, वर २ फुटांचा लॉफ्ट, खोली २ फूट. आत दोन-दोन फुटांचे तीन भाग, बाहेर उघडणारी तीन दारं. स्लायडिंग नको, समोर जागा भरपूर आहे.

दोन कोटेशन हातात आहेत. सुतार म्हणतो, सगळं ७१० मरीनमध्ये (पाण्याला टिकणारं प्लाय) करू, पुढे बघायला नको. मॉड्युलरवाला म्हणतो, हल्ली प्लाय कोण वापरतं, बॉक्स (कपाटाचा सांगाडा) प्री-लॅम, म्हणजे आधीच लॅमिनेट लावलेल्या, पार्टिकल बोर्डचा घ्या आणि शटर (दार) एचडीएचएमआरचं, म्हणजे जास्त घनतेच्या, दमटपणा सोसणाऱ्या बोर्डाचं. दोघांच्या आकड्यांत बराच फरक आहे.

अडचण अशी की कपाटाची पाठ ज्या भिंतीला लागणार तिच्या पलीकडे बाथरूम आहे आणि फरशीपासून फूटभर रंगाला पोपडे आलेत. डावी बाजू पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकते.

तर बॉक्सला काय आणि शटरला काय? आतून मायका लावायलाच हवा का, की ऑइलपेंट चालेल? आणि पैसे नेमके कुठे वाचवले तर नंतर पस्तावायची वेळ येणार नाही? पंधरा वर्षं तरी टिकायला हवं.

---

रंधा

बोर्डाचं नंतर बघू, आधी ती भिंत. ओल्या भिंतीला ७१० लावलं तरी मायका सुटणार, कपड्यांना कुबट वास येणार आणि बिजागऱ्या गंजणार. प्लाय तेवढं शाबूत राहील, पण त्याचा उपयोग काय?

दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक पोपड्यांच्या जरा वर, धड रंगावर लावा आणि चारही कडा टेपने बंद करा. एक-दोन दिवसांनी काढून बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. फूटभरच उंची आहे म्हणजे बहुतेक बाथरूमच्या फरशीखालच्या भरावात पाणी साचतंय आणि विटांतून वर चढतंय. खात्रीसाठी बाथरूमची जाळी कापड-प्लास्टिकने घट्ट बंद करून इंचभर पाणी २४ तास ठेवा. पातळीवर मार्करने खूण करा. खालच्या फ्लॅटचं छतही बघायला सांगा.

दुरुस्ती बाथरूमच्या बाजूनेच व्हायला हवी: जाळीभोवतीचा सांधा, भिंत आणि फरशीचा कोपरा, टाइलच्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट. बेडरूमकडून वॉटरप्रूफ रंग मारण्यात अर्थ नाही. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं आणि पोपडे फुटावरून दीड फुटावर जातात. सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून नव्याने करा. ते वाळायला तीन-चार आठवडे धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. नाशिकची मार्च ते मेची कोरडी हवा या कामाला सगळ्यात चांगली.

मग कपाट उभं करताना:

कपाट फरशीवर बसवू नका. १०० मिमीचे प्लास्टिकचे अ‍ॅडजस्टेबल पाय लावा आणि पुढून क्लिपने निघणारी स्कर्टिंग. फरशी पुसल्याचं पाणी दारांच्या आत जात नाही आणि पट्टी काढून खाली ओल किंवा वाळवी आहे का ते बघता येतं. सुतार सहसा लाकडी चौकट करून त्यावर कपाट ठेवतो आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. चौकटच करायची तर कडप्पा किंवा डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची).

पाठ भिंतीपासून २०-२५ मिमी पुढे. मध्ये डब्ल्यूपीसीच्या उभ्या पट्ट्या. आडव्या लावल्या तर हवा अडते. खाली स्कर्टिंगला जाळी आणि लॉफ्टच्या वर अर्धा इंच फट, म्हणजे हवा खालून वर जाते. ही फट सिलिकॉनने बंद करायचा मोह होतो, करू नका.

पश्चिमेच्या भिंतीपासून बाजूची फळी इंचभर लांब ठेवा आणि ती फट समोरून फिलर पट्टीने झाका. पावसाचा मारा आपल्याकडे त्याच बाजूने असतो.

---

कोअर_बघून_घ्या

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता प्लाय.

"सगळं ७१०" हे सुताराला सोयीचं, एकच माल आणला की झालं. पण प्रत्येक फळीवर पाण्याचा धोका सारखा नसतो. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्याला टिकणारं). त्याचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते तपासतात. आयएस ३०३ मध्ये एमआर ही साधी प्रत, तिची चाचणी ६० अंशाच्या पाण्यात ३ तास. एमआरमधला एम म्हणजे मॉइश्चर, हवेतला दमटपणा. पाण्याशी तिचा संबंध नको. मधली प्रत बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही काळ तग धरणारी).

तुमच्या कपाटात ७१० कुठे हवं? तळाची फळी, पाठ आणि पश्चिमेकडची बाजू. बाकी बॉक्स आणि फळ्या चांगल्या बीडब्ल्यूआरमध्ये निर्धास्त करा. ड्रॉवरच्या बाजू १२ मिमी बीडब्ल्यूआर. एमआर फक्त कोरड्या, आतल्या भिंतीवरच्या कपाटाला ठीक आहे, इथे नको. पाठीला ४ मिमी देतात ते घेऊ नका. तुमच्या केसमध्ये ९ मिमी, आणि तिच्या भिंतीकडच्या बाजूलाही लायनर (साधा, पातळ) मायका किंवा निदान प्रायमर. ही बाजू कोरी सोडली की पाठ फुगते.

आता खरी गोम. शिक्का ७१० चा आणि आतलं काही वेगळंच, असं प्रकरण बाजारात भरपूर. म्हणून:

शीटवर आयएसआय चिन्ह, वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल क्रमांक (परवाना क्रमांक) असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. कारखान्याचं नाव, कोणत्या मानकाचा परवाना, चालू आहे की संपलेला, सगळं दिसतं. नाव शीटवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. क्रमांकच नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, पुढच्या दुकानात चला.

कड बघा. थरांत काळ्या पोकळ्या किंवा एकावर एक चढलेले तुकडे नकोत. पोकळीत स्क्रू गेला तर तो नुसता फिरतो, पकडत नाही.

व्हर्नियरने चार कोपरे मोजा. १८ मिमी म्हणून साडेसोळा सर्रास खपतं. एकाच शीटमध्ये जाडी कमी-जास्त असेल तर जोडणीत कडा पायरीसारख्या दिसतात.

दोन इंचाचा तुकडा मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात आठेक तास उकळा. मग थरांत चाकूचं टोक घालून बघा. युरियाच्या गोंदाचं प्लाय तोवर पुस्तकासारखं उघडतं. गोंदाची रेषा गडद तपकिरी आहे म्हणजे फिनॉलच (पाण्याला टिकणारा गोंद), असं मानू नका, रंग घालूनही ती गडद करतात. उकळणं फसवत नाही.

आणि "गर्जन, गर्जन" ऐकून भुलू नका. वरचा पापुद्रा गर्जनचा (कठीण लाकूड) आणि आत पॉप्लर (मऊ, हलकं लाकूड), अशी शीटही गर्जन म्हणूनच विकली जाते. बिलावर ग्रेड, जाडी आणि ब्रँड लिहून घ्या.

---

पॅनेल_सॉ

मॉड्युलरची बाजूही ऐका. "प्लाय कोण वापरतं" हे बोलणं चूक, पण "बोर्ड म्हणजे भुसा" हेही तितकंच चूक.

प्री-लॅम पार्टिकल बोर्ड: कोरड्या भिंतीवर, दोन फुटांपेक्षा लांब फळी नसेल, कारखान्यात चारही कडा मशीनने बंद केल्या असतील तर बरीच वर्षं जातो. कडेला पाणी लागलं की फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा बसत नाही. स्क्रू एकदा काढून त्याच भोकात लावला की पकड गेली. तुमच्या भिंतीला हा नको. मॉड्युलरवाल्याने पोपडे बघूनही तो सुचवला असेल तर त्याने भिंत बघितलीच नाही.

एचडीएचएमआर: घनता साधारण ८५० किलो प्रति घनमीटर, पृष्ठभाग सपाट, आत पोकळी नाही, रंगकाम आणि राउटरच्या (कोरण्याच्या यंत्राच्या) डिझाइनला उत्तम. दमटपणा सोसतो, पण वॉटरप्रूफ नाही. वजन लक्षात घ्या: १८ मिमीची आठ बाय चार शीट ४५ किलोच्या आसपास भरते, प्लायची सुमारे ३५. कडेत स्क्रू घालताना आधी ड्रिल केलं नाही तर चीर जाते. एमडीएफच्या आतला हिरवा रंग म्हणजे नुसता रंग असतो. हिरवा दिसला म्हणून पाण्याला टिकेल असं नाही, मालाचं नाव आणि ग्रेड विचारा.

कड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि त्याच्यावरच काटकसर होते. दिसणाऱ्या आणि हात लागणाऱ्या कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी, आतल्या फळ्यांना ०.८ मिमी चालेल. पट्टी मशीनवर लागली पाहिजे. साइटवर हाताने फेविकॉलने चिकटवलेली कोपऱ्यातून सुटायला लागते. फळीची मागची कड दिसत नाही म्हणून कोरी सोडतात आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. कोटेशनमध्ये "चारही कडा" असे शब्द लिहून घ्या.

माझ्या मते बॉक्स बीडब्ल्यूआर प्लायचा, कारखान्यात प्रेसवर मायका दाबून, आणि शटर १८ मिमी एचडीएचएमआर.

---

रंधा

शटरबद्दल असहमत. सात फुटी शटरला एचडीएचएमआर जड पडतं. दोन फूट बाय सात फूट म्हणजे १.३ चौरस मीटर, २० किलो नुसता बोर्ड, वर मायका. बिजागऱ्यांवर रोजचा भार. उंच शटरला पाइनचा ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) बरा: हलका, आणि आतल्या पट्ट्या उंचीच्या दिशेने असल्यामुळे वाकत नाही. कापताना शटरची उंची पट्ट्यांच्या दिशेनेच घ्यायची, उलटं कापलं तर ब्लॉकबोर्ड घेण्याचा हेतूच संपला. आयएस १६५९ चा शिक्का बघा. पट्ट्यांमधल्या फटी तपासा, आणि चारही कडांना सागाची किंवा कडक लाकडाची पट्टी मारा. नुसत्या प्लायचं सात फुटी शटर मात्र पीळ खातं. ते दोघांच्याही यादीत नसावं.

शटर वाकायचं दुसरं कारण मालात नसतं, लॅमिनेशनमध्ये असतं. बाहेरून १ मिमी मायका आणि आतून ऑइलपेंट. दोन्ही बाजू हवेतला दमटपणा वेगवेगळा घेतात, सोडतात, मग शटर धनुष्यासारखं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली आणि एप्रिलमध्ये अगदी सुकी, त्यामुळे हा खेळ दरवर्षी चालतो. म्हणून शटरला आतून लायनर मायका हवाच, ०.८ मिमी पुरे. दोन्ही बाजू शक्यतो एकाच दिवशी दाबा.

बॉक्सच्या आतल्या भागात ऑइलपेंट टिकायला टिकतो, पण कपड्यांना वास लागतो आणि फळ्यांवर घासून पांढरा ठिगळासारखा दिसतो. तिथेही मायका बरा.

रंगीत एचडीएचएमआर शटर हवंच असेल तर दार सात फुटी न करता मध्ये तोडा.

---

पॅनेल_सॉ

वजनाचा मुद्दा मान्य. पण ब्लॉकबोर्डच्या फटीवर बिजागरीचं ३५ मिमीचं भोक आलं तर तुमचीही बिजागरी सुटते. खरेदीच्या वेळी कड बघून ते कळत नाही, शीट कापल्यावरच कळतं. बिजागरीच्या रेषेत तीन इंची सलग लाकडाची पट्टी आतून असेल तर ब्लॉकबोर्ड, नाहीतर माझं मत कायम.

---

कपाटशोधक

सगळ्यांचे आभार. बाथरूमची दुरुस्ती आधी करतो. ब्लॉकबोर्ड शटर आणि बीडब्ल्यूआर बॉक्स असं ठरतंय. सुतार १८ मिमी प्लायच्या आठ शीट मागतोय, शटर सोडून. एवढ्या लागतात का? आत एकूण आठ फळ्या आहेत.

---

हिशेबी

नाही. कागदावर मांडून बघा. आठ बाय चारची शीट:

उभ्या फळ्या चार, सात बाय दोनच्या. एका शीटमध्ये दोन, म्हणून २ शीट. प्रत्येकीतून एक फुटी, चार फूट लांब पट्टी उरते. ती ड्रॉवरची तोंडं, फिलर आणि स्कर्टिंगला.

तळ आणि माथा, सहा बाय दोनचे दोन, १ शीट. उरलेल्या दोन बाय चारमध्ये दोन फळ्या.

राहिलेल्या सहा फळ्या, दोन बाय दोनच्या. एका शीटमध्ये आठ बसतात, म्हणून १ शीट. उरलेले दोन तुकडे लॉफ्टच्या आतल्या उभ्या पार्टिशनला.

लॉफ्टचा तळ आणि माथा, सहा बाय दोनचे दोन, १ शीट. उरलेल्यात लॉफ्टच्या दोन बाजू.

झाल्या ५. त्यातली ७१० किती? तळ-माथ्याची एक आणि उभ्या फळ्यांची एक. पश्चिमेकडची बाजू त्यात आली आणि जोडीची दुसरी आपोआप ७१० मिळाली. उरलेल्या तीन बीडब्ल्यूआर. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं, म्हणून "दोन फूट" प्रत्यक्षात ६०८ मिमी धरा. सगळं कपाट त्याच मापाने आखा, नाहीतर एका फळीसाठी सहावी शीट फोडावी लागेल.

ब्लॉकबोर्ड सात बाय चारच्या २ शीट. दीड शीटमध्ये तीन शटर, उरलेल्या सात बाय दोनमध्ये लॉफ्टची तीन शटर. पाठ ९ मिमी, सात बाय चारच्या २ शीट, उरलेल्या फूटभर पट्ट्या जोडून लॉफ्टची पाठ. १२ मिमी ड्रॉवर किती यावर, दोन ड्रॉवरना १ शीट भरपूर.

बाहेरचा १ मिमी मायका ३ शीट, एक बाजू दिसते असं धरून. आतला लायनर सुमारे ३३० चौरस फूट होतो, म्हणजे ११ शीट. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण फळीच्या दोन्ही बाजू आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजू मोजल्या की येतोच. आतून मायका परवडत नसेल तर दोन्हीकडून मायका आलेलं प्री-लॅम प्लाय मिळतं, त्याचा भाव विचारा. मजुरी वाचते.

आठ शीट कशाला हव्यात ते सुताराला विचारा. कदाचित दोन शेजारी बॉक्सना मधली बाजू दुहेरी धरली असेल. तसं असेल तर ते चूक नाही, नेता-आणताना सोपं पडतं. पण तुम्हाला माहीत असायला हवं.

---

मातीची_नळी

वाळवीबद्दल कोणी बोललं नाही. दुसऱ्या मजल्यावरही येते, पाइपच्या डक्टमधून आणि ओल्या भिंतीतून. कपाट बसवायच्या आधी त्या दोन भिंतींना उपचार करून घ्या. आयएस ६३१३ च्या भाग ३ मध्ये बांधलेल्या इमारतींसाठी पद्धत आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिमीची भोकं, ३०० मिमी अंतराने, त्यात औषध, मग भोकं बंद. मात्र ती तळमजल्याच्या जमिनीलगतच्या फरशीसाठी. वरच्या मजल्यावर स्लॅबला भोकं पाडू नका, बाथरूमकडच्या बाजूला तर नाहीच, पाइप फुटेल. तिथे भिंतीवर आणि डक्टभोवती फवारणी करा. औषध कोणतं आणि किती पाण्यात, हे फवारणी करणाऱ्याकडून कागदावर घ्या.

पिठासारखी बारीक पूड आणि गोल टाचणीएवढी भोकं दिसली तर ती वाळवी नाही, भुंगा. तो फळीतूनच घरात येतो, बहुतेक पॉप्लर किंवा रबरवूडच्या कच्च्या लाकडातून. वाळवी मातीची नळी करते, पूड टाकत नाही. दोघांचा उपचार वेगळा.

---

रंधा

राहिलेलं हार्डवेअर, पटकन.

बिजागरी: सात फुटी शटरला चार, लॉफ्टच्या शटरला दोन, एकूण १८. शटरला पूर्ण उंचीचा ५ मिमी आरसा लावणार असाल तर आरशाचंच वजन १६ किलोच्या आसपास, तिथे पाच. कडेच्या फळीवर पूर्ण चढणाऱ्या शटरला झिरो क्रँक (सरळ हाताची), मधल्या फळीवर दोन शटर येतात तिथे आठ क्रँक (हाताला बाक असलेली). हे सांगितलं नाही तर सगळ्या झिरो येतात आणि मधलं शटर बसत नाही. या भिंतीपाशी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) घ्या, साध्या लोखंडीवरचं निकेल उडतं.

स्क्रू: काळे ड्रायवॉल स्क्रू वापरू देऊ नका. ते जिप्सम बोर्डासाठीचे, ठिसूळ, आडव्या भाराने डोकं तुटतं आणि गंज येतो. झिंकचे चिपबोर्ड स्क्रू, सांध्यांना ४ बाय ५०, आधी ३ मिमी ड्रिल.

ड्रॉवर चॅनेल: ४५ मिमीचं टेलिस्कोपिक, १८ इंची. ड्रॉवरची रुंदी आतल्या मापापेक्षा २६ मिमी कमी. सुतार २५ धरतो आणि मग ड्रॉवर घासतो.

गोंद: पाठ आणि तळाला वॉटरप्रूफ प्रकारचा, बाकी साधा फेविकॉल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १० च्या खाली असताना मायका दाबू नका. पांढरा गोंद थंडीत नीट धरत नाही, खडूसारखा भुसभुशीत होतो आणि मायका पुढे कधीतरी टकटक वाजायला लागतो. दुपारी दाबा, रात्रभर वजनाखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा आणि पोकळ आवाज येईल ती शीट लगेच पुन्हा दाबायला लावा, कडा मारल्यावर कोणी ऐकत नाही.